वायपरखालचा पिवळा कागद: अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी कॅथलिकांसाठी

इथं येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. निवडणुकीचं वर्ष, ऑक्टोबरातला रविवार. मिस्सा आटोपून गाडीकडे आले तर काचेवर वायपरखाली पिवळा कागद खोचलेला. वर क्रूस, खाली दोन उमेदवारांची नावं, पाच मुद्दे, प्रत्येक मुद्द्यापुढे बरोबरची खूण नाहीतर फुली. वसईत मिस्सेनंतर दारात हातात पडेल तो कागद धर्मग्रामाचाच असतो, या हिशेबानं मी तो घरी नेला आणि फ्रिजवर लावला. पुढच्या रविवारी सूचना वाचताना फादर शांतपणे म्हणाले, "पार्किंगमध्ये वाटले जाणारे कागद आपले नाहीत. कोण वाटतं तेही आम्हाला ठाऊक नाही."

कागद फ्रिजवरच राहिला, पण माझी शिकवणी तिथून सुरू झाली. वसई-उत्तनहून, मुंबई-पुण्याहून, नगरकडून इथं नोकरीला, शिकायला किंवा मुलांकडे राहायला येणाऱ्यांनी निदान पहिल्या वर्षात काय काय समजून घ्यावं, ते क्रमानं सांगते. कोणत्या पक्षाला मत द्यावं हे यात सापडणार नाही. ते सांगणारे कागद तुमच्या गाडीवर येतीलच.

पहिलं काम: आपण इथं कोण आहोत ते तपासा

बातम्यांआधी स्वतःचा व्हिसा बघा. मतदान फक्त नागरिकांचं. ग्रीन कार्डवाल्यालाही अध्यक्षाच्या किंवा काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, निवडणुकीत मत नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी लोक फसतात ते ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसात. फॉर्म भरता भरता मधेच प्रश्न येतो: मतदार म्हणून नोंदणी करायची का? मागे रांग, पुढे घाई, आणि आपल्याला सवय 'हो' म्हणायची. तिथे 'नाही'वरच खूण करा. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात तुम्ही कधी मतदार नोंदणी केली होती का, असा सरळ प्रश्न असतो. तेव्हा "चुकून झालं" हे पटवून देणं फार महाग पडतं.

पैशांचंही तसंच. ग्रीन कार्डवाला उमेदवाराला देणगी देऊ शकतो. नोकरीच्या एच-१बी, शिक्षणाच्या एफ-१ किंवा व्हिजिटर व्हिसावरचा माणूस देऊ शकत नाही. अगदी गावच्या महापौराच्या निवडणुकीलाही नाही.

तिसरी गोष्ट सोशल मीडिया. इथल्या घटनेतलं भाषणस्वातंत्र्य फक्त नागरिकांपुरतं नाही, पण व्हिसाच्या खिडकीतल्या साहेबाची नजर निराळी असते. २०२५च्या जूनपासून विद्यार्थी व्हिसाच्या आणि डिसेंबरपासून एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४च्या अर्जदारांना आपली सोशल मीडिया खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं जातं. म्हणून गप्प बसा असं मी म्हणत नाही. जे त्या साहेबासमोर उभं राहून बोलाल तेच लिहा, एवढंच.

दुसरं: 'भावना दुखावल्या' हे इथं चालत नाही

भारतात आपल्याला घटनेचं कलम १९(१)(अ) आणि त्याला लगडलेलं १९(२) ठाऊक असतं. स्वातंत्र्य आहे, पण 'वाजवी निर्बंधां'सह. धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावल्या तर जुनं २९५-अ, आता न्याय संहितेचं २९९ कलम. आपल्याकडे कुणी मारियामातेविषयी वाईट बोललं की पहिला विचार पोलीस ठाण्याचा येतो. इथं तो रस्ताच नाही.

इथल्या घटनेची पहिली दुरुस्ती १७९१ची. मूळ इंग्रजीत अवघे पंचेचाळीस शब्द. सरकारनं कुठला धर्म राज्याचा म्हणून लादायचा नाही, कुणाचा धर्म पाळणं अडवायचं नाही, बोलणं, छापणं, जमणं आणि सरकारकडे दाद मागणं अडवायचं नाही. बस. 'पण' नाही. कोर्टांनी अपवाद आखून दिले आहेत, जसं खरीखुरी धमकी, बदनामी, किंवा तिथल्या तिथे हिंसा घडवण्यासाठी दिलेली चिथावणी. धर्माचा अपमान मात्र त्या यादीत नाही.

हे पचायला जड जातं, म्हणून एक खटला नीट बघा. मार्च २००६. मेरीलँडमधलं वेस्टमिन्स्टर गाव, सेंट जॉनचं कॅथलिक चर्च. इराकमध्ये मरण पावलेल्या मॅथ्यू स्नायडर या तरुण मरीन सैनिकाची अंत्यविधीची मिस्सा. चर्चपासून सुमारे हजार फुटांवर कॅन्ससहून आलेल्या वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्चची सात माणसं फलक घेऊन उभी. सैनिक मेले म्हणून देवाचे आभार, पोप नरकात, असले फलक. बापानं दावा लावला. ज्युरीनं भरपाई दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०११मध्ये बाप आठ विरुद्ध एक असा हरला. सार्वजनिक प्रश्नावर, सार्वजनिक जागी, पोलिसांनी नेमून दिलेल्या ठिकाणी उभं राहून बोललेलं, कितीही जिव्हारी लागलं तरी संरक्षित, असा निकाल. विरोधात मत देणारे एकटे न्यायमूर्ती अलिटो. ते स्वतः कॅथलिक. पण बहुमतातही कॅथलिक न्यायमूर्ती होतेच, निकालपत्र लिहिणारे सरन्यायाधीश रॉबर्ट्स धरून.

मी हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा दोन दिवस अस्वस्थ होते. अजूनही मला तो बाप आठवतो. पण याच दुरुस्तीच्या सावलीत आपणही वाढलो, हेही खरं. न्यूयॉर्कमध्ये १९५१ साली एका इटालियन चित्रपटाचा परवाना 'धर्मनिंदा' म्हणून रद्द झाला. कार्डिनल स्पेलमन यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला होता. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की धर्मनिंदेच्या नावाखाली सरकारला चित्रपट अडवता येणार नाही. आपली बाजू हरली. आता त्याआधीचं बघा. १९२२मध्ये ओरेगन राज्यानं मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती केली. रोख उघडउघड कॅथलिक शाळांवर होता. सिस्टर्स कोर्टात गेल्या आणि १९२५मध्ये जिंकल्या. तो निकाल या पहिल्या दुरुस्तीवर नव्हता, चौदाव्या दुरुस्तीवर होता. पण मूळ प्रश्न तोच, सरकारचा हात कुठं थांबतो हा.

एक गफलत सगळेच करतात. ही दुरुस्ती सरकारचा हात धरते, कंपनीचा नाही. तुमच्या पोस्टवरून मालकानं नोकरीवरून काढलं किंवा व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिननं हाकललं तर "माझं फ्रीडम ऑफ स्पीच" म्हणून ओरडण्यात बहुतेक वेळा अर्थ नसतो.

आणि कायद्याची हद्द संपते तिथं आपली आठवी आज्ञा सुरू होते. खोटी साक्ष देऊ नकोस. इथला कायदा तुम्हाला जवळजवळ काहीही बोलू देतो, म्हणून तर आपला आतला लगाम भारतात होता त्याहून घट्ट लागतो. हे पुढे परत येईल.

तिसरं, थोडक्यात: इथले जुने कॅथलिक हळवे का

धर्मग्रामातले आयरिश किंवा इटालियन आजोबा राजकारणाचा विषय निघाला की एकदम तापतात. त्यामागे इतिहास आहे. १८३४मध्ये बोस्टनजवळ चार्ल्सटाऊनला सिस्टरांचा मठ जमावानं जाळला. १८४४मध्ये फिलाडेल्फियात दंगली झाल्या, चर्चेस जळाली. १८७१मध्ये थॉमस नास्ट या नामांकित व्यंगचित्रकारानं अमेरिकन मुलांवर चाल करून येणाऱ्या मगरी काढल्या. नीट पाहिलं तर त्या मगरी म्हणजे बिशप, आणि त्यांचे टोकदार मुकुट म्हणजे वासलेले जबडे. चित्राचं नाव होतं 'अमेरिकन रिव्हर गँजेस'. आपली गंगा त्यात उगीचच ओढलेली.

१९२८मध्ये अध्यक्षपदाचे कॅथलिक उमेदवार अल स्मिथ हरले, त्यात धर्माचा मोठा वाटा होता. १९६०मध्ये केनेडींना ह्यूस्टनला जाऊन प्रॉटेस्टंट पाळकांसमोर सांगावं लागलं की मी कॅथलिकांचा उमेदवार नाही, डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार आहे आणि योगायोगानं कॅथलिक आहे. ते आजोबा तेव्हा शाळेत असतील. केनेडींचा फोटो पोपच्या फोटोशेजारी लावलेली घरं मी स्वतः पाहिली आहेत.

आपल्या चर्चचंही सरळ सांगायला हवं. धार्मिक स्वातंत्र्य हा माणसाचा हक्क, असं चर्चनं स्पष्टपणे म्हटलं ते ७ डिसेंबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. त्या दस्तऐवजामागे जॉन कोर्टनी मरे या अमेरिकन जेज्विट फादरांचा मोठा हात. त्याच विषयावर लिहू नका, असं दहाएक वर्षांपूर्वी त्यांनाच वरिष्ठांनी बजावलं होतं.

चौथं: कोणत्याच पक्षाच्या साच्यात चर्च बसत नाही, बसवू नका

नव्या माणसाला दोन महिन्यांत कुणीतरी सांगतं, "चांगला कॅथलिक रिपब्लिकनच असतो." दुसरा सांगतो, "गरिबांची बाजू घेणारा कॅथलिक डेमोक्रॅटच." दोघेही अर्धीच शिकवण सांगत असतात.

बिशपांची परिषद दर चार वर्षांनी, निवडणुकीच्या आधी, सदसद्विवेकबुद्धी घडवण्यासाठी 'फॉर्मिंग कॉन्शन्सेस फॉर फेथफुल सिटिझनशिप' नावाचा दस्तऐवज नव्यानं पुढे ठेवते. आजचं त्याचं रूप २००७चं. तो मागवा, वाचा. लांब आहे आणि रटाळही आहे, पण गाडीवरच्या कागदापेक्षा बरा. त्याच्या २०२३च्या प्रस्तावनेत गर्भपाताचा प्रश्न सर्वांत अग्रक्रमाचा म्हटला आहे. स्थलांतरित, गरिबी, वंशभेद, मृत्युदंड हे विषयही आहेतच. चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात, म्हणजे कॅटेकिझममध्ये, २०१८पासून मृत्युदंड अस्वीकार्य असं लिहिलेलं आहे. आता ही यादी घेऊन दोन्ही पक्षांच्या दारात उभे राहा. दोन्हीकडे अर्धी यादी आनंदानं घेतील आणि अर्धी हळूच परत करतील.

वाचताना एक फरक धरून ठेवा. काही गोष्टी चर्चच्या दृष्टीनं मुळातच चूक असतात. तिथं घासाघीस नाही. बऱ्याच गोष्टींत मात्र ध्येय ठरलेलं, वाट आपण शोधायची. गरिबाला औषध मिळायला हवं हे ठरलेलं. ते सरकारी विम्यातून की आणखी कशातून, यावर दोन भले कॅथलिक भांडू शकतात. पिवळ्या कागदावर हा फरक नव्हता. सगळ्यालाच बरोबर नाहीतर फुली.

पुरावा हवा तर सर्वोच्च न्यायालय बघा. नऊपैकी सहा न्यायमूर्ती कॅथलिक, त्यात न्या. थॉमस आणि न्या. सोटोमेयर दोघेही. मोठ्या खटल्यांत हे दोघं एका बाजूला दिसले तर बातमीच व्हावी. बायडेन कॅथलिक, आणि २०१९मध्ये कॅथलिक झालेले उपाध्यक्ष व्हॅन्सही.

व्यासपीठाचा नियमही समजून घ्या. १९५४पासून, लिंडन जॉन्सन सिनेटर असताना आणलेल्या दुरुस्तीनं, करमुक्त संस्थांना उमेदवाराचा प्रचार करायला मनाई आहे. जुलै २०२५मध्ये करखात्यानं एका खटल्यात म्हटलं की उपासनेत आपल्याच लोकांशी बोलताना असं काही बोललं तर तो नियमभंग धरू नये. बिशपांच्या परिषदेनं लगेच कळवलं: आम्ही कुठल्या उमेदवाराला पाठिंबाही देणार नाही आणि विरोधही करणार नाही. म्हणजे प्रवचनात नाव आलं तर ते फादरांचं स्वतःचं मत समजा.

याचा अर्थ फादर गप्प बसतात असा नव्हे. आपल्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले होते; पक्षाचा झेंडा न घेता उभं राहणं कसं असतं ते वसईकरांना निराळं सांगायला नको. इथंही १२ नोव्हेंबर २०२५ला बाल्टिमोरच्या बैठकीत बिशपांनी सरसकट हद्दपारीला विरोध करणारा संदेश काढला. २१६ बाजूनं, ५ विरोधात, ३ तटस्थ. त्याच संदेशात देशाला सीमा सांभाळायचा अधिकार असल्याचंही लिहिलं आहे. तुम्ही ज्या चॅनेलवर ही बातमी पाहिली असेल, तिथं या दोनपैकी एकच वाक्य ऐकलं असेल.

पाचवं: दोन एनसीआर आणि बाकी मंडळी

'सुवार्ता' आणि 'निरोप्या'वर वाढलेल्या माणसाला इथल्या कॅथलिक पत्रकारितेत पहिला धक्का बसतो तो भाऊबंदकीचा. 'नॅशनल कॅथलिक रजिस्टर' आणि 'नॅशनल कॅथलिक रिपोर्टर'. दोन्हींचं लघुरूप एनसीआर. कुणी म्हणालं "एनसीआरमध्ये वाचलं", तर आधी विचारा, कुठलं? रजिस्टर हे ईडब्ल्यूटीएनच्या घरचं, परंपरेकडे झुकलेलं. ईडब्ल्यूटीएन म्हणजे मदर अँजेलिका यांनी १९८१मध्ये अलाबामात सुरू केलेली वाहिनी. रिपोर्टर १९६४पासून कॅन्सस सिटीचा, सुधारणेकडे झुकलेला, बिशपांनाही न सोडणारा. मी सुरुवातीचं अख्खं वर्ष दोन्ही एकच समजत होते. एकाच पेपरचं मत दर आठवड्याला कसं बदलतं, याचं मला नवल वाटायचं.

'अमेरिका' हे जेज्विटांचं, १९०९पासून. 'कॉमनवील' १९२४पासून, प्रापंचिकांनी चालवलेलं. 'पिलर' २०२१चं, चर्चचा कारभार, पैसा, नेमणुका यांत खोल जाणारं. ओएसव्ही न्यूज २०२३पासून धर्मप्रांतांच्या साप्ताहिकांना बातम्या पुरवतं, त्यामुळे तुमच्या चर्चच्या दारातल्या पेपरात बहुधा त्यांचाच मजकूर असतो. माझी पद्धत अशी: महत्त्वाची बातमी असेल तर एक उजवीकडचं, एक डावीकडचं, आणि मग मूळ कागद. रोज नाही. रोज एवढं वाचायला लागलात तर रोझरी कधी म्हणणार?

आणि बाहेरच्या पेपरांना 'चर्चचे शत्रू' म्हणून मोडीत काढू नका. ६ जानेवारी २००२ला 'बोस्टन ग्लोब'नं धर्मगुरूंकडून मुलांवर झालेल्या अत्याचारांची आणि ती झाकून ठेवल्याची मालिका सुरू केली. त्याच डिसेंबरात बोस्टनचे आर्चबिशप कार्डिनल लॉ यांनी राजीनामा दिला. त्या मुलांना बिशप हाऊसमध्ये न्याय मिळाला नाही, वर्तमानपत्रानं तोंड फोडल्यावर मिळू लागला. मुक्त प्रेस आपल्या चर्चला काय देऊ शकते, यावर मी याहून मोठा पुरावा देऊ शकत नाही.

सहावं: फॉरवर्ड आलं की चार मिनिटं

२०१६च्या उन्हाळ्यात बातमी फिरली: पोप फ्रान्सिस यांचा ट्रम्प यांना पाठिंबा. धादांत खोटी. फेसबुकवर ती साडेनऊ लाखांहून अधिक वेळा शेअर, लाइक, कॉमेंट झाली. आता तर पोप लिओ चौदावे स्वतः शिकागोचे, अस्खलित अमेरिकन इंग्रजी बोलणारे. त्यांच्या तोंडी काहीही घालणारे यंत्रानं बनवलेले व्हिडिओ आठवड्याला येतात, आणि आवाज हुबेहूब असतो.

मी असं करते. व्हॅटिकनच्या अधिकृत संकेतस्थळावर ती तारीख काढते. पोप बोलले असतील तर भाषण तिथं असतंच, बहुतेकदा इंग्रजीतही. सापडलं की व्हायरल वाक्याच्या वरचा आणि खालचा परिच्छेद वाचते. सापडलं नाही तर फॉरवर्ड तिथंच थांबतं.

सरावाला एक पत्र घ्या. २०२५च्या जानेवारीत व्हॅन्स म्हणाले की ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे प्रेमाचा क्रम असतो: आधी कुटुंब, मग शेजारी, मग देश, मग जग. १० फेब्रुवारीला पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेच्या बिशपांना छोटं पत्र लिहिलं. प्रेम म्हणजे वर्तुळामागून वर्तुळ असं पसरत जाणं नव्हे, चांगल्या शोमरोनीचा दाखला वाचा, असा त्याचा रोख. एका बाजूच्या चॅनेलनी हेच दाखवलं. पण त्याच पत्रात हेही आहे की गंभीर गुन्हे केलेल्यांपासून स्वतःचा बचाव करण्याचा देशाला हक्क आहे. दुसऱ्या बाजूनं पत्र न वाचताच पोपना 'डावे' ठरवून टाकलं. पत्र वाचायला मला चहा गार व्हायच्या आत वेळ पुरला.

बातमी खरी निघाली तरी काम संपत नाही. धर्मशिक्षणग्रंथाच्या २४७७ क्रमांकात तीन पापं ओळीनं दिली आहेत: पुरावा नसताना मनात दोषी धरणं, कुणाचा खरा दोष कारण नसताना चव्हाट्यावर आणणं, आणि खोटं बोलून बदनाम करणं. तिसरं आपण सहसा करत नाही. पहिली दोन मात्र आमच्या ग्रुपवर सकाळच्या 'शुभ दिन'च्या आधी होतात. इथला कायदा तिघांपैकी पहिल्या दोघांना सहसा हातही लावत नाही. म्हणून कुमसार करताना मी व्हॉट्सॲपही धरते. फादर हसले होते, पण प्रायश्चित्त दिलंच.

सातवं: बोला

मत नसलं तरी तोंड आहे. दाद मागण्याचा हक्क त्याच पंचेचाळीस शब्दांत आहे. बहुतेक राज्यांत बिशपांची राज्यपातळीवरची कॅथलिक कॉन्फरन्स असते. कुठलं विधेयक विधानसभेत आलंय आणि चर्चचं त्यावर काय म्हणणं आहे, हे तिच्या ईमेलवर नियमित कळतं. ते फुकट आहे. नाव नोंदवा.

मग तुमच्या भागाच्या काँग्रेस प्रतिनिधीच्या ऑफिसला फोन करा. मी ग्रीन कार्ड मिळण्याआधी केला होता, धर्मगुरू आणि सिस्टर्स यांच्या व्हिसाच्या विधेयकासाठी. कारण आमचे सहायक फादर परदेशी होते आणि त्यांची मुदत संपत आली होती. तळहाताला घाम. पलीकडे विशीतला मुलगा. त्यानं पिन कोड विचारला, म्हणजे इथला झिप कोड. नाव विचारलं. विधेयकाचा विषय विचारला, टाईप केल्याचा आवाज आला, "थँक यू मॅम" म्हणाला. नागरिक आहात का, हे त्यानं विचारलंच नाही. एक मिनिटही लागलं नसेल.

पहिल्यांदा करताना काय बोलायचं ते लिहून समोर ठेवा, नाहीतर इंग्रजी ऐनवेळी दगा देतं. दोन वाक्यं पुरतात. माझी मी फ्रिजवरचा तो पिवळा कागद काढून त्याच्या मागच्या बाजूला लिहिली होती. ती बाजू कोरी होती.